त्या दुखण्याबद्दल

सातारा

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू बोललास, पण वहिनी खोलीत आल्या आणि विषय तुटला. म्हणून सविस्तर लिहितोय. आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, ते तुझ्या कामी येणार नसेल तर काय उपयोग!

लिंगाला वाक येणं, हाताला भिजलेल्या हरभऱ्याएवढी गाठ लागणं, ताठरतेच्या वेळी दुखणं, ही लक्षणं पेरोनीच्या आजाराची वाटतात. लुई पंधराव्याचे शल्यवैद्य पेरोनी यांनी 1743 मध्ये याबद्दल लिहिलं. आतल्या स्पंजासारख्या भागाभोवती एक चिवट आवरण असतं. त्याला सूक्ष्म इजा झाली की तिथे व्रण धरतो, ती बाजू ताणली जात नाही आणि वाक येतो. हा कर्करोग नाही. गुप्तरोगही नाही, त्यामुळे तुझ्याकडून वहिनींना काही होईल ही भीती आधी काढून टाक.

आता औषधाचं. तू ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतोयस ना? थांबव. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत त्या देऊ नयेत असंच सांगितलंय. सौम्य विजेच्या प्रवाहाने कातडीतून व्हेरापामिल, म्हणजे आपलं रक्तदाबाचंच औषध, आत ढकलायची पद्धतही त्यांनी नाकारली आहे. औषध नेमकं त्या कठीण थरात पोचवणं हीच सगळी अडचण आहे, म्हणून सुई थेट गाठीत द्यावी लागते. व्हेरापामिल आणि इंटरफेरॉन ही दोन्ही तशी देतात.

पण सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो कोलॅजनेजचा. हे एका जिवाणूपासून मिळवलेलं विकर. व्रणातलं कोलॅजन ते तोडतं, पण नसा आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या वेगळ्या प्रकारच्या कोलॅजनला फारसा धक्का लावत नाही. एका वेळी जेमतेम पाव मिली द्रव, 0.58 मिलिग्रॅम औषध. एक ते तीन दिवसांनी दुसरी सुई, मग डॉक्टर हाताने हळूहळू ताण देऊन वाक सरळ करतात आणि घरी करायचा ताणही शिकवतात. अशी जास्तीत जास्त चार आवर्तनं, सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने. 2013 मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर ती मिळाली, त्यांत वाक सरासरी 34 टक्क्यांनी कमी झाला, औषध नसलेल्या नुसत्या खोट्या सुईने 18 टक्क्यांनी. म्हणजे फायदा खरा आहे, पण बेताचा. काळंनिळं पडणं, सूज येणं नेहमीचंच. क्वचित ते आवरणच फाटतं, मग तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून सुई सरावलेल्या हातानेच घ्यायची आणि नंतर काही आठवडे संबंध पूर्ण बंद.

तुझं दुखणं अजून चालू आहे, म्हणजे आजार स्थिरावलेला नाही. कोलॅजनेज साधारणपणे वाक बदलायचा थांबल्यावर देतात. तोवर दुखण्यावर साधी वेदनाशामकं. पण तोवर डॉक्टरांकडेही जायचं नाही असा अर्थ काढू नकोस. आत्ताची नोंद असली तरच पुढे फरक कळेल. ताठर अवस्थेतला फोटो घरीच काढून ने, त्यावरून कोन मोजता येतो. संकोच वाटेल, पण युरोलॉजिस्टना हे रोजचं आहे. आणि तुझी डाव्या हाताची करंगळी तळव्याकडे ओढली गेलीय, तीही दाखव. तो हाताचा आजार आणि हा आजार पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. कोलॅजनेजच्या या सुईला पहिली मान्यता मिळाली तीच मुळी त्या हाताच्या आजारासाठी, 2010 मध्ये. रक्तातली साखरही तपासून घे.

भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींच्या नादी लागू नकोस, तेलाने ही गाठ विरघळत नाही. आणि वहिनींना सांग रे. इतके महिने तू त्यांना टाळतोयस, त्यांनी त्याचा काय अर्थ लावला असेल, याचाच मला घोर लागलाय.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला येतोय. त्याच दिवसांत डॉक्टरांची वेळ घे, मी बरोबर येईन.

तुझा,
अनिल