ऊन लागलं की साखर उतरली?

संपादक महोदय,

मार्च लागला की पेपरात उष्माघाताची चौकट येते. माणसांनी काय प्यावं, गोठ्याला ओलं गोणपाट कसं बांधावं, दुपारी बैल का जुंपू नये, सगळं असतं. मांजर नसते. मी एस.टी.चा निवृत्त चालक. घरी एक थोराड बोका आहे, त्याला मधुमेह आहे आणि मी त्याला दर बारा तासांनी इन्सुलिन टोचतो. गल्लीतले म्हणतात, "मांजरीले शुगर? आता हेच आयकाचं रायलं होतं बाप्पा!" म्हणू द्या.

पारा ४५च्या पुढे गेला की गळाठलेल्या जनावराला 'ऊन लागलं' म्हणून सारे मोकळे होतात. मधुमेही मांजरीचं दरवेळी तसं नसतं. उन्हाने भूक मरते, आणि रिकाम्या पोटी नेहमीइतकं इन्सुलिन गेलं तर रक्तातली साखर झपकन उतरते. मांजर झोकांड्या खाते, पडून राहते, कधी झटके येतात. ऊन लागलेली मांजर मात्र तोंड उघडून धापा टाकते, लाळ गाळते, ताप १०४ फॅरनहाइटच्या वर जातो. हाताने अंदाज घेऊ नये. धडधाकट मांजरीचं अंगही १०१-१०२ असतं, ते आपल्याला गरमच लागणार. उन्हाच्या माराला सावली, साधं पाणी आणि वारा. बर्फाचं पाणी नको. साखर उतरलेलीला पाणी मारत बसलं तर वेळ हातचा जातो. तिच्या हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने चोळावं, शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नये. डॉक्टर दोन्हीकडे लगेच. आम्ही बोक्याच्या कानाच्या कडेला टोचून माणसांच्याच ग्लुकोमीटरवर बघतो. तो मांजरीची साखर थोडी कमीच दाखवतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

साखर वाढलेली असली तरी उन्हाळा वाईटच. लघवी जास्त, त्यामुळे पाणी लवकर आटतं. आमच्या बोक्याच्या मागच्या पायांच्या नसा अधू झाल्यात, टाचा टेकून चालतो. टाचांवरचे केस घासून गेलेत आणि हा पठ्ठ्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर जायला बघतो! आता अकरानंतर जिन्याचं दार बंद, माठाखालची ओली फरशी त्याची.

खरी गोची विजेच्या लाईनची. इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते आणि रात्र-रात्र उजेड नाही. बाटली बर्फाला टेकवून ठेवणंही चालत नाही, गोठलं की औषध वाया. उन्हाने बिघडलेलं इन्सुलिन दिसायला कधी चांगल्यासारखंच असतं, तेव्हा शंका आली तर नवी बाटली फोडलेली बरी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत लाळ्या-खुरकूतच्या लसींसाठी फ्रीज असतोच. लाईन यायला लांबली तर एखाद्या बाटलीला तिथे जागा द्यायला काय हरकत आहे, हे पशुसंवर्धन खात्याने सांगावं.

आणि आपल्याला विनंती एवढीच, की यंदाच्या चौकटीत मांजर-कुत्र्यांसाठी चार ओळी टाका. त्यात एक ओळ ही असू द्या: मधुमेही मांजर जेवली नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन टोचू नये.

आपला एक वाचक,
निवृत्त एस.टी. चालक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा