चि. मुक्तास, फायनलच्या वळणाविषयी

नाशिक, 22 एप्रिल

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत हसत जे सांगितलेस ते मी ऐकून घेतले आणि त्यावर फारसे बोलले नाही, कारण असल्या विषयावर माझा आवाज चढतो आणि मग तू पुढचे सांगायचेच बंद करतेस. विमान शिकण्याच्या उड्डाणात बेसवर, म्हणजे धावपट्टीला आडव्या टप्प्यावर, मागून वारा होता, फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेघेत शेवटच्या उतरणीला, वळायला उशीर झाला, विमान धावपट्टीच्या रेघेच्या पलीकडे गेले, तू वळणाच्या आतल्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीची नाक डावी-उजवीकडे फिरवणारी पट्टी, पायाने दाबून नाक ओढून आणलेस आणि उतरलीस. “सर जरा ओरडले, पण लँडिंग मस्त झाले,” असे तू म्हणालीस. मला त्या मस्त लँडिंगविषयीच लिहायचे आहे.

मी विमान चालवलेले नाही. इथल्या गांधीनगरची हेलिकॉप्टरे किंवा ओझरची लढाऊ विमाने डोक्यावरून गेली की खडू खाली ठेवून आवाज विरेपर्यंत थांबायचे, एवढाच तीस वर्षांच्या शिकवण्यात माझा त्यांच्याशी संबंध आला. पण तू घरी ठेवून गेलेली पुस्तके गेले तीन महिने मी रोज दुपारी वाचते आहे, आणि त्यांतले पंखाचे प्रकरण मला परके वाटले नाही. ते मी लहानपणी येवल्याला, गच्चीवर शिकले होते.

संक्रांतीच्या आदल्या रात्री तुझे मोठे मामा पतंगांना कन्नी बांधत बसायचे आणि दोऱ्याची गाठ कुठे यावी यावरून घरात भांडणे व्हायची. कन्नीचा वरचा दोरा बोटभर लांब राहिला, तर पतंग वाऱ्यावर तिरका तरंगण्याऐवजी वाऱ्यासमोर छाती काढून उभा राहतो, आणि मग भरपूर वारा असूनही थरथरतो, मागे रेलतो आणि गोता खातो. वारा तोच, कागद तोच, कामट्या त्याच. बिघडलेला असतो तो फक्त कोन. नवखा मुलगा अशा वेळी दोर आणखी जोरात ओढतो. मामा ढील द्यायचे.

विमानाचा पंखही असाच कोनाने स्टॉल होतो, वेगाने नव्हे. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन साधारण 15 ते 16 अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते, मग वेगाचा काटा काहीही दाखवत असो. पुस्तकात छापलेला स्टॉलचा वेग हा ठरावीक वजनाच्या आणि सरळ, समपातळीत चाललेल्या विमानाचा असतो, हे तुला परीक्षेपुरते पाठ असेल. समज, तो 50 नॉट आहे. उंची राखून 30 अंशांचे वळण घेतलेस तर तोच 54 च्या आसपास जातो, 45 अंशांना जवळजवळ 60 होतो आणि 60 अंशांना 71. मात्र नुसते कलल्याने हे होत नाही. कललेले असताना उंची राखण्यासाठी किंवा वळण आवळण्यासाठी आपण योक, म्हणजे विमानाचे हातातले सुकाणू, मागे ओढतो, पंखावर दीडपट-दुप्पट भार घालतो, म्हणून होते. खाली येत असलेल्या वळणात हात सैल ठेवला तर हा भार फारसा वाढत नाही. ओढला की तिथेही तेवढाच वाढतो.

हे काही नवे ज्ञान नव्हे. 1896 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत ओटो लिलिएंथाल यांच्या ग्लायडरचे नाक वर गेले, पंखांनी हवा सोडली आणि ते खाली कोसळून दुसऱ्या दिवशी वारले. त्या वेळी त्यांच्या गाठीशी सुमारे दोन हजार उड्डाणे होती, म्हणजे अनुभव कमी पडला असे कोणी म्हणू शकत नाही. राइट बंधूंनी आपल्या विमानाचे एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी पट्टी, पुढे बसवले त्यामागे याच अपघाताची धास्ती होती.

आता तुझ्या त्या वळणाकडे येते. वळण डावीकडचे होते असे धरू. रेघ ओलांडली हे दिसल्यावर जास्त कलायला तू घाबरलीस, हे एका परीने शहाणपणाचेच झाले. पण मग नाक फिरवण्यासाठी तू डावा रडर दाबलास. त्याने उजवा पंख पुढे पळाला, डावा मागे रेंगाळला आणि विमान आपोआप आणखी डावीकडे कलू लागले. ते थांबवायला तू योक उजवीकडे फिरवलास, म्हणजे डाव्या पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, एलेरॉन, खाली गेली आणि आधीच मंदावलेल्या त्याच पंखाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढला. नाक खाली जाते आहे असे वाटून तू योक मागेही घेतला असशील. या सगळ्यातून डावा पंख एकटा स्टॉल झाला असता, तर विमान डावीकडे उलटून स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेले असते, आणि बेसवरून फायनलला येताना तुझ्याखाली असते फक्त 500 फुटांच्या आसपास उंची. तिथून विमान सावरायला उंचीच पुरत नाही. तिन्ही गोष्टी तू वाचवायला म्हणून केल्यास आणि प्रत्येक गोष्ट त्याच एका पंखाच्या मुळावर आली असती, हे कागदावर चित्र काढून पाहिले तेव्हा माझे हात गार पडले.

तू असे का केलेस हे मला ठाऊक आहे, कारण मीही ते केले आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, साठ मुलांसमोर, मी पाऱ्याच्या वायुदाबमापकाचा प्रयोग दाखवत होते. पाऱ्याने भरलेली नळी बोटाने बंद करून पाऱ्याच्या भांड्यात उलटी करायची असते. नळी उलटी करता करताच बोट नीट बसलेले नाही हे मला कळले. ट्रेमध्ये ती आडवी ठेवून पुन्हा भरायला फार तर दोन मिनिटे लागली असती. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले, आणि मी नळी तशीच तिरकी करून सावरायला गेले. ती भांड्याच्या काठावर आपटून फुटली. पाऱ्याचे मणी फरशीच्या प्रत्येक भेगेत गेले. मुलांना बाहेर काढून मी आणि प्रयोगशाळेचे शिपाई संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून कागदाच्या पट्टीने ते गोळा करत होतो आणि उरलेल्यावर गंधकाची पूड टाकत होतो. नळी हलकी होती आणि नुकसान पाऱ्याचेच झाले, म्हणून आज ही गोष्ट सांगता येते.

विमानात ट्रेमध्ये नळी ठेवण्याला, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याला, गो-अराउंड म्हणतात. खरे तर उंच असताना ते सोपे असते, आणि रेघ ओलांडली हे तुला दिसले त्या क्षणी तू उंचच होतीस. पंख आधी सरळ करायचे, थ्रॉटल एकसारखा पूर्ण पुढे न्यायचा, कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला दिलेली गरम हवा, लावलेली असेल तर बंद करायची. या वेळी नाक आपोआप उसळते, कारण ट्रिम, म्हणजे योकवरचा हाताचा जोर कमी करणारी जुळणी, उतरण्यासाठी लावलेला असतो; ते पुढे दाबून धरायला जोर लागतो, आणि पॉवरमुळे डावीकडे खेचले जाते म्हणून उजवा पाय द्यावा लागतो. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागे खाली सोडलेल्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे. घाईने सगळे एकदम घेतले तर विमान एकदम खाली जाते. वेग आणि चढ हातात आल्यावर टॉवरला सांगायचे, बोलण्याची घाई नसते. हे तुला येते. फक्त ते करायचे ठरवायला त्या दिवशी लाज आडवी आली, आणि लाज वाटायला खाली होते कोण? सर आणि रांगेत बसलेली चार मुले.

पुढच्या महिन्यात क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या सरावाच्या उड्डाणाला, ओझरला येणार आहेस, म्हणून आणखी एक हिशोब. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात त्या उंचीवर 11 अंश तापमान धरतात. मे महिन्यात दुपारी 38 अंश असले, तर 27 अंशांचा फरक पडतो आणि अंशाला साधारण 120 फूट धरले तर हवा 5,200 फुटांवर असावी तितकी विरळ होते. वेगाचा काटा 65 नॉट दाखवेल तेव्हा तू प्रत्यक्षात 70 च्या आसपास जात असशील. तेवढ्याच कलात वळणाचा घेर सहाव्या हिश्श्याने मोठा होईल, म्हणजे रेघ ओलांडली जाण्याची शक्यता वाढेल. इंजिनही दमलेले असेल, त्यामुळे गो-अराउंडनंतरचा चढ तुझ्या सवयीपेक्षा सुस्त वाटेल आणि नाक आणखी वर उचलावेसे वाटेल. वळायला लवकर सुरुवात कर, शक्यतो सकाळी ये, आणि सोडून द्यायचे असेल तर लवकर सोड. बाबा कुंपणापाशी उभे राहणार आहेत; तू दोनदा घिरटी घालून उतरलीस तर त्यांना दोनदा बघायला मिळेल.

सरांकडे एक मागणी कर. पुरेशा उंचीवर नेऊन, ते शेजारी असताना, हेच वळण चुकीच्या रडरने करून दाखवायला सांग, त्या विमानात आणि तुमच्या नियमांत ते बसत असेल तर. आतला पंख कसा न सांगता निघून जातो ते एकदा पाहिलेस की माझ्या चित्राची गरज राहणार नाही. ते नाही म्हणाले तर साधे स्टॉल पुन्हा मागून घे, आणि प्रत्येक वेळी हात आधी पुढे जातो की नाही एवढेच बघ.

आणि एक प्रश्न मी रविवारी विचारायचा राहिला. त्या वळणात समोरच्या नळीतला, विमान आडवे घसरते आहे का ते दाखवणारा, बॉल उजवीकडे पळालेला असणार. तो तू पाहिला होतास का? पाहिला असशील तर किती बाहेर होता ते आठवून कळव, आणि पाहिलाच नसशील तर तसे लिही.

तुझी,
आई