उंदराच्या छातीतला जंत आणि परसातली गोगलगाय

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेले काही दिवस आपल्या दैनिकात आफ्रिकन गोगलगायींच्या उपद्रवाबद्दल वाचकांची पत्रे येत आहेत. पपई, मिरची, अळू, पोफळीची कोवळी रोपे, काहीच उरत नाही हे खरे आहे. आमच्याही कुळागरात, म्हणजे गोव्याकडच्या पोफळी-माडांच्या बागेत, दोन पावसाळे तोच प्रकार चालला आहे. पण एका पत्रात मुलांना गोगलगायी वेचायला लावून डझनामागे खाऊचे पैसे दिल्याचे कौतुक वाचले आणि राहवले नाही. आमच्या गावातही असेच चालले होते. मुले उघड्या हातांनी बादल्या भरत होती आणि त्याच हातांनी बिस्किटे खात होती. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. त्या अनुभवावरून सांगते, या गोगलगायीचा विचार उंदराला वगळून करताच येत नाही.

एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी एकदा एका घुशीचे हृदय उघडून दाखवले होते. उजवा खालचा कप्पा कापला आणि त्यातून फुप्फुसाकडे जाणारी धमनी हलकेच चिरली. आत गुंतवळ होते. एकेक जंत बाजूला काढून काचेवर पसरला तर इंचभर लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढा. मादी तर लगेच ओळखू आली. रक्ताने भरलेले तिचे लाल आतडे आणि त्याभोवती पिळलेली पांढरी गर्भनळी, अगदी पूजेतल्या नाडाछडीसारखी. एवढ्याशा धमनीत असे सात-आठ जंत, आणि त्यांच्या भोवतीने रक्त वाहणार कसे, हा प्रश्न तेव्हा डोक्यात बसला तो आजवर गेलेला नाही.

या जंताचे शास्त्रीय नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांत तो सापडला आणि १९३५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणून हे नाव. इंग्रजीत त्याला उंदराच्या फुप्फुसातला जंत म्हणतात, पण पूर्ण वाढलेला जंत राहतो तो रक्तवाहिनीत.

तो तिथे पोचतो कसा? लागण झालेल्या उंदराच्या लेंड्यांतून सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात. गोगलगाय त्या लेंड्या खाते, त्यांवरून सरपटते. तिच्या मांसात अळी दोनदा कात टाकते आणि दोन-तीन आठवड्यांत पुढच्या प्राण्यात शिरण्याजोगी होते. अशी गोगलगाय उंदराने खाल्ली की अळ्या आतडे भेदून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर मेंदूत जातात. तिथे आणखी दोनदा कात टाकतात. लागण झाल्यापासून साधारण चार आठवड्यांनी तरुण जंत मेंदूतून शिरांत उतरतात, हृदयाच्या उजव्या बाजूला येतात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत मुक्काम ठोकतात.

आता रक्ताभिसरणाचे काय होते ते पाहा. कुळागरातल्या पाटाला झावळीचा तुकडा आडवा आला की काय होते हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पाणी तुंबते, पुढची वाफी कोरडी राहते. जंत धमनीत तसाच आडवा पडलेला असतो. शिवाय त्याच्या सततच्या घासण्याने आणि त्याच्या शरीरातून निघणाऱ्या द्रव्यांनी धमनीचे अस्तर सुजते, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. एखादा जंत मेला की त्याच्याभोवती रक्ताची गुठळी धरते आणि ती फांदी बंदच पडते.

खरा त्रास मात्र अंड्यांचा. मादी धमनीतच अंडी घालते, तीही रोज हजारोंनी. रक्ताच्या ओघाबरोबर ती फुप्फुसातल्या केसाहून बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. पुढे वाट नाही, मागे फिरणे नाही. शरीर त्यांना परके समजून त्यांच्याभोवती पेशींचा गराडा घालते आणि बारीक गाठी तयार होतात. अंड्यांतून सुटलेल्या अळ्या वायुकोशांत घुसतात, श्वासनलिकेतून घशाशी येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांतून पुन्हा जमिनीवर. त्या घुशीचे फुप्फुस मला आठवते. एरवी ते स्पंजासारखे मऊ, गुलाबी असते. हे करडे-पिवळट होते आणि बोटाला दाणे लागत होते.

हे सगळे ओढायचे कुणी? हृदयाच्या उजव्या कप्प्याने. त्याची भिंत मुळात पातळ असते, कारण फुप्फुसात रक्त ढकलायला फार जोर लागत नाही. इथे मात्र तुंबलेल्या वाहिन्यांतून रोज रक्त रेटायचे असते. दाब वाढतो, भिंत जाड होते, कप्पा फुगतो. जंत फार झाले तर उंदराला धाप लागते आणि तो मरतोही. पण थोडे असतील तर तो वरून धडधाकट दिसतो, माडावर चढतो, शहाळी पोखरतो आणि अळ्या सांडत हिंडतो. आपल्या दृष्टीने धोक्याचा आहे तो हाच धडधाकट उंदीर.

गोगलगायीतली अळी तोंडावाटे माणसाच्या पोटात गेली तर तिचा प्रवास अर्धवट राहतो. ती मेंदूपर्यंत जाते, पण बहुधा फुप्फुसाच्या धमनीपर्यंत पोचतच नाही. ती मेंदूभोवतीच मरते आणि तिथे सूज येते. एक ते तीन आठवड्यांनी असह्य डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, कातडीवर मुंग्या. बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींची दृष्टी वा जीव धोक्यात येतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही, एवढे समाधान.

हे कुठले तरी दूरचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. मुंबईच्या उंदीर-घुशींत हा जंत असल्याचे संशोधन १९८२ साली प्रसिद्ध झाले आहे. केरळात घोरपडीचे कच्चे मांस औषध म्हणून खाल्लेल्यांना हा मेंदूज्वर झाल्याच्या नोंदी आहेत. मुंबई आणि केरळ यांच्या मधोमध आपण, उंदीर तेच, पाऊस तोच. आणि १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडलेली ही गोगलगाय आता आपल्या परसात.

मला भीती घालायची नाही. गोगलगाय दिसली म्हणून कुणाला रोग होत नाही, आणि कोंगे (खाण्याच्या गोगलगायी) आवडीने खाणाऱ्यांनी ते सोडावेत असेही मी म्हणत नाही. चांगले खळखळ उकळले की अळी मरते. शिजवलेल्या तायकिळ्याला, अळवाला भिण्याचे कारण नाही. भीती कच्च्याची. गेल्या आठवड्यात माझा नातू वेलावरचे तवसे (काकडी) तोडून तसेच दाताखाली धरणार होता. वर बोटभर चकाकणारा माग होता, वाळलेल्या डिंकासारखा. मी ते हातातून काढून घेतले, नळाखाली चोळून धुतले, साल काढली, मग दिले. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला एकेक पान उघडून धुवावे, कारण नखाएवढी पिल्ले पानांच्या बेचक्यात दडून बसतात.

लेप्टोच्या तापामुळे पावसाळ्यात उंदराच्या मुताला आपण जपायला शिकलो. लेंड्यांकडे मात्र अजून कुणाचे लक्ष नाही. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. गोगलगायी वेचण्याचे काम मुलांना देऊ नये, आणि मोठ्यांनीही हातमोजे किंवा चिमटा वापरून मगच करावे. गोगलगायींची मोहीम आणि उंदरांचा बंदोबस्त एकाच वेळी व्हावा. खोपीतले नारळाच्या सोडणांचे ढीग तसेच ठेवून नुसत्या गोगलगायी पुरल्या तर पुढच्या पावसात तेच. आणि आरोग्य व पशुसंवर्धन खात्यांनी मिळून प्रत्येक तालुक्यातले थोडे उंदीर आणि थोड्या गोगलगायी तपासाव्यात. उंदराची फुप्फुसधमनी उघडून पाहायला मोठी यंत्रे लागत नाहीत, कात्री, भिंग आणि जाणता माणूस पुरे.

चवथ जवळ आली आहे. गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीचे सामान आणायला मुले रानात, कुळागरात शिरतील, हाताला येईल ते तोंडात घालतील. तपासणी त्याआधी सुरू झाली तर बरे. आमच्या कुळागरात घुशींची बिळे भरपूर आहेत. खात्याचे लोक येणार असतील तर पिंजरे लावून ठेवायची जबाबदारी माझी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सत्तरी, गोवा