बॅरिटोन म्हणजे चुकलेला टेनर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑपेरावर आलेल्या लेखात ‘ज्यांचा आवाज टेनरइतका वर चढत नाही ते बॅरिटोन होतात’ असं वाक्य आहे. (टेनर म्हणजे पुरुषांचा वरच्या पट्टीतला आवाज, बॅरिटोन त्याच्या खालचा, मधला.) एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझ्याकडे भजनाला येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलाने ते कात्रण आणून दाखवलं. वर्षापूर्वी त्याचा आवाज फुटला, तेव्हापासून तो मागच्या रांगेत नुसता टाळ वाजवत बसतो. “सर, माझं हेच झालंय ना?” म्हणाला. त्याच्याच वयात मला एका गुरुजींनी ‘काळी एकची पट्टी झेपत नसेल तर गाणं सोड’ असं सांगितलं होतं. मी सोडलं आणि पेटीकडे वळलो. म्हणून हे पत्र.

बॅरिटोनचा गळा म्हणजे पांढरी एकच्या पट्टीत साधारण मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत. दोन सप्तकं, तीही बिनमाइकची, अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर ऐकू जाणारी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत. शेवटच्या खुर्चीपर्यंत तो आवाज पोचावा लागतो. याला कमी पडणं कसं म्हणायचं?

मी त्या मुलाला दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की हा रशियन बॅरिटोन ऐकवला. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा, जन्म १९६२. १९८९ साली कार्डिफच्या जागतिक गायन स्पर्धेत तो पहिला आला, आणि तिथे त्याची चुरस होती ती वेल्सच्याच ब्रिन टेरफेलशी, म्हणजे आणखी एका खालच्या आवाजाशी. १९९५ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला तो रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या ‘इस्पिकची राणी’ या ऑपेरात, येलेत्स्कीच्या भूमिकेत. त्यातलं येलेत्स्कीचं प्रेमाचं गाणं आम्ही पेटीशेजारी फोन ठेवून ऐकलं. एका लांब ओळीला त्याने श्वास घेतला, त्याच क्षणी मी भाता एकदाच दाबून सूर धरला. माझ्या पेटीची हवा आधी संपली. त्याची ओळ अजून चालूच होती, आणि शेवटाकडे पातळही झाली नाही. नीट कान दिला तर त्याचा श्वास आत ओढल्याचा आवाजही येतो. काहींना तो खटकायचा. मला मात्र तिथे गाण्यामागची मेहनत दिसते.

जून २०१५ मध्ये त्याच्या मेंदूत गाठ असल्याचं जाहीर झालं. सप्टेंबरमध्ये तो मेट्रोपॉलिटनला इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’त काउंट दी लूना म्हणून उभा राहिला. प्रवेश करताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की प्रयोग थांबला. अखेरीस वादकांनी खालून त्याच्यावर पांढरे गुलाब उधळले. मोजके प्रयोग करून तो उपचारासाठी लंडनला परतला. पुढे तोल सांभाळता येईना, म्हणून २०१६च्या डिसेंबरात त्याने रंगमंचावरचे ऑपेरा थांबवले. तरी मे २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या एका सोहळ्यात, कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना, तो आला आणि ‘रिगोलेत्तो’तलं बापाचं गाणं गायला. मुलीला पळवून नेणाऱ्या दरबाऱ्यांवर रिगोलेत्तो हा विदूषक बाप आधी तुटून पडतो, मग त्यांच्याच पुढे पदर पसरतो. व्हेर्दीने बापाचं दुःख बहुतेक वेळा याच आवाजाच्या हवाली केलं. रिगोलेत्तो, ‘ला त्राव्हियाता’तला जेर्मोंत, सिमोन बोकानेग्रा, तिघेही बाप आणि तिघेही बॅरिटोन. हे टेनरकडून व्हायचं नाही.

जूनमध्ये तो गावच्या लोकांसाठी क्रास्नोयार्स्कला गायला, दुखावलेला हात झोळीत अडकवून. नोव्हेंबरात लंडनमध्ये वारला. वय ५५.

गुरुवारी भजनाला मी त्या मुलासाठी पट्टी उतरवून पांढरी एक धरली. ‘रूप पाहता लोचनी’ त्याने एकट्याने म्हटलं. दुसऱ्या चरणाला सूर थोडा घसरला, पण खालचा पंचम लागला तेव्हा मृदंगवाल्याने मान वर करून पाहिलं.

लेखातलं ते वाक्य कृपया दुरुस्त करावं, आणि दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. मुलाने कात्रण वहीत चिकटवून ठेवलं आहे. दुरुस्ती आली की त्याच्या शेजारी लावायला देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज