वेल्डरच्या खिशात सुरक्षेचे प्रमाणपत्र हवे: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बांधकामावर वेल्डिंग, गॅस कटिंग व ग्राइंडिंग करणाऱ्यांना सक्तीचे सुरक्षा प्रशिक्षण देण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. नोकरी संपली तरी विद्यार्थी सुटले नाहीत. कुणी साइटवर बोलावतो, कुणी रात्री फोन करून विचारतो की सर, डोळे उघडत नाहीत, काय करू? त्यांच्याकडून जे ऐकतो आणि साइटवर जाऊन जे पाहतो, त्यावरून आपल्याकडे एकच मागणी करतो आहे. ज्याच्या हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा), गॅस कटर किंवा ग्राइंडर आहे, तो स्वतः, त्याचा हेल्पर आणि त्याला काम सांगणारा सुपरवायझर, या तिघांनीही प्रात्यक्षिकासह सुरक्षा प्रशिक्षण घेतलेले असावे. त्याचे प्रमाणपत्र नसेल तर राज्यातल्या कोणत्याही बांधकामावर रॉड पेटता कामा नये.

21 जानेवारी 2021 रोजी पुण्याजवळ मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या काम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि 5 कामगार गेले. वेल्डिंगच्या कामातून आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज तेव्हा सांगितला गेला. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 जीव गेले, त्यांत लहान मुले होती. तिथे वाढीव बांधकाम चालू होते. वेल्डिंगच्या ठिणग्या खाली रचलेल्या फोमवर पडताना आणि माणसे ती आग विझवायला धडपडताना सीसीटीव्हीत साऱ्या देशाने पाहिली. अशा घटनेनंतर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. तो व्हायलाच हवा. पण ज्याला काळजी कशी घ्यायची हे कुणी कधी शिकवलेच नाही, त्या पोराला कोठडीत टाकून पुढची आग कशी टळणार?

वेल्डिंगमध्ये वितळलेल्या लोखंडाचे बारीक मणी उडतात. सपाट जागेवरसुद्धा ते लांब जातात, म्हणून अमेरिकेच्या मानकात कामाभोवती 35 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 11 मीटर, जळणारे काही ठेवू नये असे सांगितले आहे. इमारतीत तर हे मणी डक्टमधून, स्लॅबच्या भोकातून आणि लिफ्टच्या पोकळीतून चार-चार मजले खाली जातात. वरच्याला खाली काय आहे ते दिसत नाही. गोणपाट, लाकडाचा भुसा लगेच भडकतोच असे नाही, कधी कधी आतल्या आत धुमसत राहतो. त्यामुळे काम संपल्यावर किमान तासभर एका माणसाने तिथेच थांबून, खालच्या मजल्यांवरही फिरून पाहायचे असते. आपल्याकडे सहा वाजले की मशीन बंद करून सगळे निघतात, आणि धूर दिसतो तो वॉचमनला.

हे आपल्या राज्याला नवे नाही, महोदय. पाताळगंगा, तारापूर, लोटे इथल्या चांगल्या रासायनिक कारखान्यांत शटडाउनच्या (कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामाला हाच मुलगा जातो तेव्हा त्याला गेटवर आधी सुरक्षेचे धडे मिळतात. हॉट वर्क परमिटवर, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या लेखी परवानगीवर, सह्या झाल्याशिवाय रॉड लावता येत नाही, आणि विझवण्याचे साधन घेऊन फायर वॉचर शेजारी उभा असतो. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा तेच मशीन घेऊन ठाण्यातल्या किंवा हिंजवडीतल्या टॉवरवर जातो. तिथे त्याला एवढेच विचारतात की रेलिंग संध्याकाळपर्यंत होईल ना? कारखान्याची सुरक्षा आणि बांधकाम कामगार, दोन्ही विषय आपल्याच विभागाचे आहेत.

माझ्या मते इमारतीचा सगळ्यात धोक्याचा काळ शेवटचा. आरसीसीचे काम चालू असताना शटरिंगचे प्लाय सोडले तर जळण्यासारखे फारसे काही नसते. फिनिशिंगला फॉल्स सीलिंग, फोम, थिनर, पॅकिंगचा थर्माकोल असे सगळे आत येते. रेलिंग, ग्रिल, एसीचे डक्ट, फायर लाइन यांचे वेल्डिंगही नेमके तेव्हाच निघते. आग विझवण्याच्या पाइपात अनेकदा अजून पाणी सोडलेले नसते, कारण तो पाइपच वेल्ड होत असतो! हे काम करणारा वेल्डर बिल्डरच्या मस्टरवर नसतो. तो कुठल्यातरी छोट्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून हेल्परसह दोन दिवसांसाठी आलेला असतो. मोठ्या साइटवर सकाळी होणारी सुरक्षेची सभा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 250 किंवा अधिक कामगारांच्या बांधकामाला आहे, म्हणजे गावोगावच्या छोट्या इमारती तर त्यातही येत नाहीत. त्यामुळे प्रशिक्षण साइटला नव्हे, माणसाला जोडले पाहिजे. तो जिथे जाईल तिथे त्याचे कार्ड त्याच्याबरोबर जाईल.

या प्रशिक्षणाला दीड दिवस पुरेल, पण पंख्याखाली बसवून स्लाइड दाखवायच्या असतील तर अजिबात नको. फोमचा तुकडा त्यांच्यासमोर पेटवा आणि धूर किती काळा निघतो ते पाहू द्या. अग्निशामक सिलिंडरची पिन प्रत्येकाने स्वतःच्या हाताने ओढलेली असावी. ॲसिटिलीनच्या सिलिंडरमध्ये ॲसिटोन हे पातळ द्रव असते, म्हणून तो आडवा ठेवून वापरायचा नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लागता कामा नये. फ्लॅशबॅक अरेस्टरशिवाय (ज्योत नळीत उलटी शिरू न देणाऱ्या साधनाशिवाय) कटर पेटवायचा नाही. हे सांगून नाही, करून घेऊन शिकवायचे. पावसाळ्यात ओल्या स्लॅबवर, चपला घालून, होल्डरचे इन्सुलेशन फाटलेले असताना काम करणारी मुले मी पाहतो. मशीनची अर्थिंगची वायर जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्याला, न लावता कुठल्याही सळईला अडकवली की करंट कुठून कुठे फिरेल याचा नेम नसतो.

हेल्परचे तर कुणी नावच घेत नाही. जॉब धरून बसलेल्या त्या पोरापाशी काळी काच नसते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून तळमळत पडायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. ही गोष्ट साइटवर कुणाला ठाऊक आहे?

सुपरवायझरला का शिकवायचे, तेही सांगतो. "खाली फोम पडलाय, तो हलवल्याशिवाय रॉड लावणार नाही" असे वेल्डर म्हणाला तर आज त्याची त्या दिवसाची मजुरी जाते. समोरच्याने तेच प्रशिक्षण घेतलेले असेल तरच त्याचे म्हणणे ऐकले जाईल.

26 मार्च 2014 रोजी अमेरिकेत बोस्टनच्या बीकन स्ट्रीटवर शेजारच्या इमारतीचे लोखंडी कठडे वेल्ड करताना वाऱ्याने ठिणगी उडाली आणि आग लागली. वेल्डिंगची परवानगी घेतलेली नव्हती. त्या आगीत अग्निशमन दलाचे 2 जवान गेले. त्यानंतर त्या शहराने अशा कामाला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि 1 जुलै 2018 पासून मॅसॅच्युसेट्स राज्यभर तोच नियम लागू झाला. मांजरीनंतर आपण असे काही केले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पैशांची अडचण असू नये. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे येतो तो याच कामगारांसाठी. मंडळ सुरक्षा संच वाटते, ते चांगलेच आहे. पण गवंड्याला आणि वेल्डरला एकच संच देऊन भागत नाही. वेल्डरला 10 ते 12 नंबरची काळी काच आणि चामड्याचे हातमोजे लागतात, आणि ते कधी वापरायचे हे सांगणारे कुणी लागते. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी मंडळाने द्यावी, नाहीतर कुणी येणार नाही. वर्ग मराठीत, हिंदीत, बंगालीत घ्यावेत, कारण साइटवर या तिन्ही भाषा चालतात.

कायद्याचेही तसेच. व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि तिच्याखालचे राज्याचे नियम करणे आपल्या हातात आहे. वेल्डिंग-कटिंगच्या वेळी आगीपासून घ्यायच्या काळजीचे भारतीय मानक, आयएस 3016, आधीपासून आहे, त्याची सुधारित आवृत्ती 1982 ची आहे. त्याचा आधार घेऊन नियमांत प्रमाणपत्र, परमिट आणि काम संपल्यानंतरचा एक तासाचा पहारा, एवढे तीन शब्द घाला.

जागाही तयार आहे. जिथे वेल्डर ट्रेड आहे त्या प्रत्येक आयटीआयत वेल्डिंगचे बूथ आणि मशीन आहेत, आणि रविवारी कार्यशाळा बंद असते. पहिली तुकडी पुणे जिल्ह्यात घ्यायचे ठरले तर मी मानधनाशिवाय शिकवायला येईन, आणि माझ्यासारखे आणखी निवृत्त निदेशक गोळा करून आणण्याची जबाबदारीही घेतो. आपल्या कार्यालयाने फक्त तारीख कळवावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वेल्डर), पुणे जिल्हा