प्रदर्शनातील टीव्हीवर घरी दिसणारे चित्रही दाखवावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की कोल्हापुरातील मोकळ्या मैदानांवर गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शने भरतात आणि तेथे टीव्हीच्या स्टॉलपुढे हमखास गर्दी असते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने मोठा पडदा घेण्याचा विचार साधी नोकरी करणारी कुटुंबेही करू लागली आहेत. डिजिटल टीव्ही लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी प्रदर्शनाइतके चांगले साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. चित्र कसे आहे हे जाहिरात वाचून कळत नाही, ते समोर उभे राहून पाहावे लागते. म्हणूनच तेथे दाखवले जाणारे चित्र आणि तोच संच घरी आणल्यावर दिसणारे चित्र यांत जे अंतर पडते, त्याकडे आपल्या पत्राद्वारे विक्रेत्यांचे आणि प्रदर्शनाच्या संयोजकांचे लक्ष वेधू इच्छितो.

स्टॉलवरील संचात बहुतेक वेळा कंपनीची चित्रफीत पेन ड्राइव्हवरून सतत फिरत असते. पिसारा फुलवलेला मोर, पाण्याचे थेंब ओघळणारी फळे, बर्फाचे डोंगर अशी ही दृश्ये फोर-के दर्जात चित्रित केलेली असतात आणि मंडपातील झगमगाटात उठून दिसावीत म्हणून संचाची प्रखरता व रंग मुद्दाम वाढवलेले असतात. घरी मात्र त्याच संचाला केबलची किंवा डिशची वायर जोडली जाते. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंचे असते, तर फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख बिंदू असतात. वाहिनीकडून आलेल्या एका बिंदूला पडद्यावरील वीस बिंदूंची जागा भरावी लागते आणि मधली भर संच अंदाजाने घालतो. चेहरे पुसट दिसतात, बातम्यांच्या पट्टीतील अक्षरांच्या कडा फुटतात, आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आपल्या या शहरात वेगाने जाणारा चेंडू धुरकट दिसू लागला की संच बिघडला, अशी तक्रार दुकानात जाते. एचडी वाहिनीवर हेच प्रमाण एकास चार इतके खाली येते. एवढा हिशेब ग्राहकाला समोरासमोर दाखवला, तर कोणी थोडा लहान पडदा घेऊन एचडी वाहिन्यांचे पॅकेज घेईल आणि ते त्याच्या अधिक फायद्याचे ठरेल.

अशाच एका प्रदर्शनात पन्हाळ्याकडील खेड्यातून आलेले एक वयस्क जोडपे माझ्या शेजारी उभे होते. आजींनी स्टॉलवरील मुलाला विचारले, “आमच्यात छत्री हाय बाळा, तिच्यावर पण असंच दिसंल न्हवं?” त्याने “स्मार्ट टीव्ही आहे आजी, सगळं दिसतंय” असे उत्तर दिले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या मुलाला मी दोष देणार नाही, कारण त्याला इंच, हप्ता आणि वॉरंटी एवढेच शिकवून उभे केलेले होते. पण आजींनी विचारलेला प्रश्न हाच खरेदीतील मुख्य प्रश्न होता.

आपल्या जिल्ह्यात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. डीटीएचचे, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणारे, प्रक्षेपण केयू बँड नावाच्या ज्या लहरींवर होते, त्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पावसाळ्यात चित्र गोठते ते संचाच्या दोषामुळे नव्हे. छत्री किंचित मोठी बसवली, तिची दिशा मीटर लावून अचूक साधली आणि एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या लहरी पकडणाऱ्या डबीच्या, जोडणीत पाणी शिरू दिले नाही, तर हा त्रास बराच कमी होतो. ही जोडणी प्रदर्शनात उघडी करून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेबद्दल तर स्टॉलवर चकार शब्द निघत नाही. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही आणि ती जीसॅट-१५ उपग्रहावरून मिळत असल्याने कोल्हापुरात तिची छत्री आग्नेयेकडे रोखावी लागते. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या जुन्या व नव्या पद्धती आहेत; जुन्या एमपेग-२ सेट-टॉप बॉक्सवर एमपेग-४ मधील वाहिन्या दिसत नाहीत, ही साधी गोष्टही अनेकांना माहीत नसते. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. अशा संचाला छत्रीची वायर थेट जोडून मोफत वाहिन्या वेगळ्या बॉक्सशिवाय पाहता येतात. वाडी-वस्तीवरील ग्राहकाला याचा किती उपयोग आहे, हे वेगळे सांगायला नको.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आरसीए कंपनीने आपला दूरचित्रवाणी संच पारदर्शक पेटीत मांडला होता. हे यंत्र म्हणजे हातचलाखी आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून आतील भाग सर्वांना दिसतील अशी ती योजना होती. नवे तंत्र लोकांच्या गळी उतरवायचे तर ते उघडे करून दाखवावे लागते, हे त्या काळच्या विक्रेत्यांना उमगले होते आणि आजच्या विक्रेत्यांनीही तेच करावे, असे मला मनापासून वाटते.

माझी विनंती अगदी मोजकी आहे. स्टॉल देताना संयोजकांनी अशी अट घालावी की प्रत्येक टीव्ही विक्रेत्याने किमान दोन सारखे संच शेजारी-शेजारी ठेवून एकावर शहरातील नेहमीच्या केबल जोडणीची साधी वाहिनी आणि दुसऱ्यावर तीच वाहिनी एचडीमध्ये चालू ठेवावी, आणि दोन्ही संच घरी वापरतात त्या मोडवर असावेत. मैदानावर वीज, पाणी आणि ध्वनिक्षेपकाची सोय संयोजक करतातच. स्थानिक केबलचालकाकडून एक वायर मंडपापर्यंत आणणे त्यापेक्षा अवघड नाही. शिवाय किमतीच्या पाटीवर संचाबरोबर बॉक्स, छत्री, भिंतीवरील स्टँड आणि मासिक पॅकेज यांचा खर्चही लिहावा, म्हणजे ग्राहकाला एकूण किती पैसे लागणार हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच कळेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर