इनुविकहून पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल टुकला जाऊन आले. पूर्ण नाव टुक्टोयाक्टुक. कॅनडाच्या वायव्येला, थेट आर्क्टिक महासागराच्या काठावरचं, जेमतेम नऊशे-साडेनऊशे वस्तीचं गाव. त्याच्या दक्षिणेच्या इनुविक गावी कामासाठी आले होते, रविवार मोकळा होता, म्हणून सकाळच्या सहलीच्या गाडीत बसले. गाडी चालवणारी आणि माहिती सांगणारी बाई एकच, टुकचीच, इथल्या मूळ रहिवासी इनुवियालुइत समाजातली.

बाबा, आधी इनुविक ते टुक रस्ता. लांबी सुमारे 140 किलोमीटर, डांबराचा पत्ता नाही, सगळी खडी. 15 नोव्हेंबर 2017 ला तो सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून गाड्या जायच्या, उन्हाळ्यात विमान नाहीतर होडी. इथली जमीन खाली कायमची गोठलेली. वरचा शेवाळाचा थर खरवडला की आतला बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. म्हणून जमिनीचं कटिंग नाहीच, नुसता भराव. गोठलेल्या जमिनीवर जाड कापड अंथरायचं आणि वर दीड-दोन मीटर खडी-माती टाकायची. तीही मुख्यतः हिवाळ्यात, जमीन दगडासारखी असताना! तुमची मे महिन्यात पावसाआधी काम उरकायची धांदल असायची, यांची उन्हाळ्याआधी. एवढं करूनही रस्ता जागोजागी बसतो, आणि दुरुस्ती चालूच असते. तुम्ही असतात तर प्रत्येक मोरीपाशी गाडी थांबवायला लावली असतीत, आणि मग आई चिडली असती.

झाडं वाटेतच संपतात. पुढे नुसतं माळरान, तळी आणि डास. गावाजवळ पिंगो नावाच्या टेकड्या दिसतात. आटलेल्या तळ्याखालची ओली जमीन गोठत जाते, कोंडलेलं पाणी मधोमध बर्फ होऊन फुगतं आणि जमीन वर उचलतं. त्यातली इब्युक नावाची टेकडी 49 मीटर उंच आहे, पोटात नुसता बर्फ, आणि अजून वाढते आहे.

आई, तुझ्यासाठी स्वयंपाकघर. बाईने आम्हाला तिच्या मावशीकडे नेलं. सुकवलेला मासा दिला, तो मी खाल्ला. आपल्या सुक्या बांगड्याइतका खारट नाही, धुराचा वास मात्र छान. मक्तुक म्हणजे बेलुगा देवमाशाची चरबीसकट कातडी, तिचा एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसले. झाडं नसताना धुरी कशाची देता, असं विचारलं. मॅकेन्झी नदी दक्षिणेच्या जंगलातून ओंडके वाहून आणते, ते किनाऱ्यावर येऊन पडतात. गावाचं सामायिक शीतघरही जमिनीखाली साधारण नऊ मीटरवर, बर्फातच खोदलेलं आहे. पर्यटकांना आता आत सोडत नाहीत, याचं जरा वाईट वाटलं.

शेवटी सगळ्यांनी समुद्रात पाय बुडवले. मी फक्त घोट्यापर्यंत, आई, काळजी करू नकोस, मोजे दोन जोड नेले होते.

पण मला जास्त लक्षात राहिला तो किनाराच. खालचा बर्फ वितळतो, वरून लाटा, आणि जमीन ढासळते. टोकाची काही घरं ओढून आत नेली आहेत. समोरचं बेट बंदराला आडोसा देतं, तेही दर वर्षी सुमारे दोन मीटर झिजतं. मावशींना विचारलं, तुम्ही हलणार का? त्यांनी आधी चहा ओतला आणि मग म्हणाल्या, 'घर हलवतील. मी त्यात बसून जाईन.' बाबा, खाडीकडच्या कुंपणाचा विषय मी फोनवर काढला की तुम्ही जो आवाज काढता, अगदी तोच.

पुढच्या जुलैत दोघांनी यावं, असं माझ्या मनात आहे. तेव्हा इथे रात्री बारालाही ऊन असतं, म्हणजे आईला अंधारात चालायची भीती नाही. रस्ता धक्क्याचा आहे, बाबांचा कमरेचा पट्टा लागेल. तुमचे पासपोर्ट संपत आलेत, ते या महिन्यातच नूतनीकरणाला टाका. आईच्या जुन्या पासपोर्टात आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, अर्ज भरताना तेवढं बघा, आणि आधारशी जुळतंय का तेही.

तुमची,
मनू